बिनपावतीची मदत

मुंबईत फुटपाथवर झोपणाऱ्यांपैकी बहुतेक माणसे सकाळी कामाला जातात. लग्नाच्या केटरिंगमध्ये भांडी घासणे, नाक्यावर उभे राहून मिळेल ते बिगारी काम, बाजारातली हमाली, हातगाडी ओढणे, भंगार वेचणे, सिग्नलला गजरे विकणे, अशा कामांवर त्यांची गुजराण चालते. त्यांत भीक मागून जगणारेही आहेत, पण शहराच्या नजरेला तेवढेच दिसतात. काम शहराच्या मध्यात असते. तिथल्या झोपडीचेसुद्धा डिपॉझिट परवडत नाही, आणि विरार-अंबरनाथकडे खोली घ्यावी तर पहाटे चारला दादरच्या बाजारात हजर राहता येत नाही. हा हिशेब मांडूनच माणूस फुटपाथ पत्करतो. त्याला मदत करायला निघालेल्यांनी पहिल्यांदा हा हिशेब समजून घ्यावा लागतो. बहुतेकांना तो पुष्कळ उशिरा कळतो.

‘बेघर’ म्हणून ज्यांची एकत्र गणना होते त्यांचे प्रश्न मात्र एकसारखे नसतात. भायखळा, नागपाडा, मदनपुरा या भागांत दोन-तीन पिढ्या फुटपाथवर संसार केलेली कुटुंबे होती. त्यांची चूल, भांडी, मुलांच्या शाळा सगळे तिथेच. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने पुढच्याच वर्षी या वस्त्यांची मोजणी केली. त्यातून पुढे ‘महिला मिलन’ उभे राहिले, आणि रोज रुपया-दोन रुपये बाजूला टाकणाऱ्या तिथल्या बायकांनी स्वतःच स्वतःची यादी ठेवली. एकट्या पुरुषांची गोष्ट वेगळी. ते गावी पैसे पाठवतात, सणाला घरी जातात आणि ‘मुंबईत कुठे राहता’ या प्रश्नाला घरी खोटे उत्तर देतात. परळला टाटा रुग्णालयाजवळ जेरबाई वाडिया मार्गावर जे झोपतात ते तर रुग्ण आणि त्यांचे नातलग. गावाकडे त्यांचे घर असते, कधी शेतीही असते, पण केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत परत जाण्याइतके पैसे नसतात. याशिवाय घरातून काढलेले म्हातारे, मनोरुग्ण, पळून आलेली मुले, आणि मुंबई ज्यांना ‘गर्दुल्ले’ म्हणून झटकून टाकते ते व्यसनी. एका पुलाखाली हे सगळे शेजारी असू शकतात. सगळ्यांच्या हातात तोच बिस्किटाचा पुडा ठेवून पुढे जाणे सोपे असते आणि बहुतेक मदत तशीच होते.

दुकानांची शटर पडेपर्यंत झोपायची जागा मोकळी होत नाही, म्हणजे साडेदहा-अकरा वाजतात. पहाटे झाडूवाले, दूधवाले, पेपरवाले सुरू झाले की ती सोडावी लागते. मध्ये मिळते ती चार-पाच तासांची तुटक झोप. चप्पल उशाखाली, पैसे चोरखिशात, मोबाइल पोटाशी. बायका शक्यतो पोलीस चौकीच्या किंवा रात्रभर चालणाऱ्या चहाच्या टपरीच्या उजेडात झोपतात आणि बऱ्याच जणी संध्याकाळनंतर पाणी पिणे टाळतात, कारण शौचालय रात्री बंद असते किंवा तिकडे जायची वाट धड नसते. ज्या शहरात उशिरा घरी परतणे नेहमीचे आहे, तिथे वाहनांची भीतीही खरी आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर भरधाव गाडी गेली आणि सात जण मेले. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळ वाघोलीत डंपरने फुटपाथवर झोपलेल्यांना चिरडले. अमरावतीकडून कामासाठी आलेल्या या मजुरांतले तीन जण गेले, त्यांत दोन तान्ही मुले होती.

अशा झोपेत रात्री बारा-एकला टॉर्च मारून, हलवून उठवून कोणी पुडा हातात दिला तर त्याला मदत म्हणणे कठीण आहे. तरी रात्रीची फेरी याच वेळी निघते, कारण वाटणाऱ्यांना तेव्हा सवड असते. अनुभवी गट नऊ-दहाच्या सुमारास येतात, जागे असलेल्यांशीच बोलतात आणि झोपलेल्याच्या उशाशी काही ठेवत नाहीत. ठेवलेली वस्तू सकाळपर्यंत तिथे राहत नाही, आणि तिच्यावरून भांडण झालेच तर ते झोपलेल्याच्या नावावर जाते.

अशी मदत महाराष्ट्राला नवी नाही. गाडगेबाबांनी पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या, आणि त्यांच्या मिशनच्या दादरच्या धर्मशाळेत आजही परगावचे कर्करुग्ण उतरतात. मुंबईत माहीम दर्ग्याच्या परिसरातल्या आणि मोहम्मद अली रोडवरच्या काही खाणावळींसमोर माणसे ओळीने उकिडवी बसलेली असतात. येणारा-जाणारा गल्ल्यावर ‘दहा जणांचे’ म्हणून पैसे देतो, मालक ओळीतल्या पहिल्या दहांना आत घेतो किंवा बाहेरच ताटे लावतो. देणारा कोण हे जेवणाऱ्याला कळत नाही, देणाऱ्यालाही थांबायची गरज नसते. फोटो नाही, भाषण नाही. अन्नदानाची यापेक्षा सुटसुटीत रीत या शहरात दुसरी नसावी.

गेल्या दहा-बारा वर्षांत यात तरुणांच्या सैल गटांची भर पडली. ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी ही त्यांतली सर्वांत पसरलेली. ती पैसे घेत नाही, उपाहारगृहांतले आणि समारंभांतले उरलेले अन्न गोळा करून त्याच रात्री वाटते. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी रोटी बँक सुरू केली. यांखेरीज कुठल्याही नावाशिवाय चालणारे गट कितीतरी आहेत: एखाद्या सोसायटीतल्या बायका, कॉलेजातली मुले, गुरुद्वाऱ्यात सेवा करणारे, गणेशोत्सव संपल्यावर काहीतरी करत राहणारे मंडळ. व्हॉट्सॲपवरचा एक गट, एकाचे स्वयंपाकघर आणि दोन स्कूटर एवढ्यावर काम सुरू होते. सुरुवात सोपी असते हेच या प्रकाराचे बळ, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या, कोणाची बदली झाली, की तो तितक्याच सहज थांबतो.

अन्नाबाबत दोन गोष्टी वाटणाऱ्यांच्या लवकर लक्षात येत नाहीत. पहिली म्हणजे अन्नाची टंचाई सगळीकडे आणि सगळे दिवस सारखी नसते. गुरुवारी साईमंदिराबाहेर, शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर, शुक्रवारी दर्ग्यापाशी, आणि वाढदिवस-पुण्यतिथीच्या निमित्ताने मोठ्या रुग्णालयांसमोर इतके अन्न येते की अर्धे गटारात जाते. त्याच रात्री कॉटन ग्रीन किंवा शिवडीच्या गोदामांच्या बाजूला कोणी फिरकत नाही. दिवसा राज्य सरकारची दहा रुपयांची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून मिळू लागली, पण ती दुपारची. रात्रीचे पोट तिच्या बाहेर राहिले. त्यातही कुठल्या देवाचा वार नसलेले दिवस कोरडे जातात. चांगला गट आधी दोन-तीन आठवडे नुसता फिरून कोण कधी काय देते याचा अंदाज घेतो आणि मग रिकामा वार, रिकामी जागा निवडतो.

दुसरी गोष्ट खराब होणाऱ्या अन्नाची. दुपारी शिजवलेला भात पिशवीत बांधून रात्री दहाला वाटला तर मुंबईच्या दमट हवेत तो विषासारखा होऊ शकतो. भातातले काही जंतू शिजवण्यातून वाचतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शिजवलेले अन्न साठ अंशांच्या वर गरम राहिले पाहिजे, नाहीतर दोन तासांत संपले पाहिजे. खोबरे, दही आणि उकडलेला बटाटा घातलेले पदार्थ टाळलेले बरे. ज्याला घर आहे त्याचे पोट बिघडले तर एक दिवस वाया जातो. फुटपाथवरच्या माणसाला शौचालयाचे दर फेरीचे पैसे मोजावे लागतात, आणि रोजंदारी बुडते ती वेगळीच. म्हणून जुने गट चपाती-सुकी भाजी, ठेपले, चणे, केळी यांवर येऊन थांबतात. लग्नाच्या हॉलमधून मध्यरात्री ‘उरलेय, घेऊन जा’ असा फोन आला तर नाही म्हणणे हेही या कामातले एक कौशल्य आहे. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियमावली केली, पण स्कूटरवरच्या पोरांपर्यंत ती क्वचितच पोहोचली आहे.

वस्तूंच्या बाबतीत ऋतू पाहावा लागतो. डिसेंबर उजाडला की ब्लँकेटवाटपाची लाट येते. नाशिक-पुण्याला तिचा उपयोग आहे. पुणे स्टेशन किंवा स्वारगेटला जानेवारीची पहाट अंगावर काटा आणते. मुंबईत मात्र एकाच माणसाला एका आठवड्यात तीन ब्लँकेटे मिळतात. ती ठेवायला जागा नसते, मग दोन विकली जातात आणि वाटणारे नाराज होतात. ती विकणे ही बनवाबनवी नव्हे. जिथे कपाट नाही तिथे वस्तू पैशात बदलून ठेवणे हाच शहाणपणा असतो. मुंबईची खरी अडचण जूनमध्ये सुरू होते. ताडपत्री, जाड प्लॅस्टिक, दोरी, कागदपत्रांसाठी झिपवाली पिशवी, सुके कपडे आणि मच्छर अगरबत्ती यांची तेव्हा गरज असते, आणि नेमके तेव्हा वाटणारे घरी असतात. पालिकेची गाडी अतिक्रमण हटवायला आली की अंथरूण-पांघरुणाबरोबर रेशनकार्ड, मुलांची दप्तरे, औषधेही उचलून नेते. एखाद्या गटाने ओळखीच्या दुकानदाराकडे दोन-चार ट्रंका ठेवायची सोय करून दिली तर ती शंभर ब्लँकेटांपेक्षा जास्त टिकते.

या साऱ्याहून जास्त गरज असते ती सोबत जाणाऱ्या माणसाची, आणि ती सर्वांत कमी मिळते. सरकारी रुग्णालयात उपचार जवळजवळ फुकट असतात, पण केसपेपर काढणे, रांगेत उभे राहणे, रक्त एका मजल्यावर आणि एक्स-रे दुसऱ्या इमारतीत, ‘नातेवाईक कोण आहेत’ या प्रश्नाला उत्तर देणे, हे एकट्या आजारी माणसाला जमत नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून तो जातो, दुपारी दोनला खिडकी बंद होते आणि तो परत येतो. पुन्हा जात नाही. पायाची जखम चिघळून तिच्यात अळ्या पडेपर्यंत तो थांबतो, आणि मग वासामुळे कोणी जवळ घेत नाही. सोबत एक नीटनेटका माणूस उभा असला की त्याच रांगेत त्याच रुग्णाशी बोलण्याचा सूर बदलतो. हे लज्जास्पद असले तरी खरे आहे आणि कामाचे आहे. सायन, केईएम, नायर, जे.जे. यांपैकी एका रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिका आणि वॉर्डबॉय यांच्याशी ओळख ठेवणारा स्वयंसेवक वर्षभर पुरी-भाजी वाटणाऱ्यापेक्षा अधिक जीव वाचवतो.

क्षयरोगात याची कसोटी लागते. साध्या क्षयाचे उपचार सहा महिने चालतात. महिन्याभरात ताप उतरतो, भूक लागते, माणूस कामाला लागतो आणि गोळ्या सुटतात. पोषणासाठी सरकार दरमहा पैसे देते, २०१८ पासून पाचशे आणि नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये. पण ते बँकखात्यात येतात आणि खाते काढायला पुन्हा कागद लागतो. दर आठवड्याला ठरल्या वारी येऊन ‘गोळ्या घेतल्या का’ विचारणारा कोणी असेल तर उपचार पुरे होतात. खरजेचे तसेच आहे. एका माणसाला मलम देऊन काही होत नाही. एका ओळीत झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच रात्री मलम लावून, सगळ्यांचे कपडे आणि पांघरुणे उकळत्या पाण्यात धुतली तरच ती जाते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्यासाठीच्या प्रतिबंधक गोळ्या पालिकेच्या दवाखान्यात मिळतात, फक्त वेळेत कोणीतरी न्यावे लागते. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे २०१५ पासून देवळांबाहेरच्या भिक्षेकऱ्यांवर जागेवर उपचार करत आले आहेत आणि औषधाबरोबरच त्यांना काही धंद्याला लावण्याचा त्यांचा आग्रह असतो. तेच ते चेहरे पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय असा आग्रह धरता येत नाही.

कागदांचे काम याहून कंटाळवाणे आणि याहून दूरवर उपयोगी. मतदार यादीत नाव घालण्यासाठी बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार, अर्जात दिलेल्या जागी माणूस खरेच झोपतो का हे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन पाहायचे असते. ही तरतूद अर्जदाराला ठाऊक नसते, अनेकदा अधिकाऱ्यालाही नसते, म्हणून ती छापून खिशात बाळगणारे स्वयंसेवक असतात. आधारचा गोंधळ निराळाच. पुष्कळांचे आधार एकदा गावी निघालेले असते, क्रमांक हरवलेला, जोडलेला मोबाइल चोरीला गेलेला. नवे काढायला गेले की यंत्र ‘आधीच नोंद आहे’ म्हणून नाकारते, आणि जुने शोधायला लागणारा ओटीपी त्या चोरलेल्या मोबाइलवर जातो. विटा-सिमेंटच्या कामाने बोटांचे ठसे झिजलेले असले तर आणखीच पंचाईत. नगरसेवक, आमदार, राजपत्रित अधिकारी किंवा मान्यताप्राप्त निवारा केंद्राचे अधीक्षक ठरावीक नमुन्यात दाखला देऊ शकतात. तो मिळवायला चार-पाच चकरा होतात. या चकरांचा फोटो कोणी काढत नाही.

कायद्याची थोडी ओळख असल्याशिवाय हे काम करणे धोक्याचे आहे. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवण्याची घोषणा केली आणि भर पावसात लोकांना बसमध्ये घालून शहराबाहेर नेण्यात आले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ च्या निकालात, मुख्य न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क त्यांनी मान्य केला नाही. नोटीस देऊन आणि पावसाळा संपल्यावर हटवायला मुभा दिली. या निकालाचा पहिला भाग भाषणांत येतो, दुसरा पालिकेच्या गाडीबरोबर. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंध कायदाही महाराष्ट्रात आहे. उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणेसुद्धा त्याच्या व्याख्येत बसते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली अनेक कलमे रद्द केली, ती दिल्लीपुरती. रात्री उचललेला माणूस कामकरी आहे हे सांगायला ठेकेदार पुढे येत नाही. त्याला नावाने ओळखणारा स्वयंसेवक मात्र पोलीस ठाण्यात जाऊन सांगू शकतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘कोशिश’ हा प्रकल्प २००६ पासून याच टोकाला काम करत आला आहे.

निवाऱ्याचे गणित सरळ आहे. लाख वस्तीमागे एक, वर्षभर चोवीस तास चालणारे केंद्र असावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सांगितले. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास केंद्रे हवीत. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमात माणशी पन्नास चौरस फूट जागा धरलेली होती. मुंबई या आकड्याच्या जवळपासही कधी गेली नाही, आणि जी केंद्रे झाली त्यांतली बरीच मुलांसाठीची. त्याच जनगणनेने शहरात सुमारे ५७ हजार बेघर मोजले होते. एका रात्रीत फिरून केलेली ही मोजणी पुरी आहे असे या क्षेत्रातले कोणीच मानत नाही. जिथे केंद्र आहे तिथेही माणसे जायला कचरतात: कामापासून दूर, नवरा-बायकोला वेगळे ठेवणार, हातगाडी कुठे लावायची, दारू प्यायलेल्याला आत घेत नाहीत. ‘निवारा आहे तरी जात नाहीत’ या तक्रारीमागे ही कारणे असतात.

काही ठिकाणी हौशी मदतनिसाने हात आखडता घेऊन दुसऱ्याला बोलावले पाहिजे. एकटे मूल दिसले तर त्याला खाऊ देऊन निघून जाणे चूक, आणि घरी घेऊन जाणे त्याहून मोठी चूक. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. कायद्याने त्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. मनोरुग्णाबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० ने जबाबदारी पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यावर टाकली आहे. अशा व्यक्तीला कोठडीत न ठेवता चोवीस तासांत सरकारी आरोग्यकेंद्रात न्यायचे असते. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ या संस्थेने कर्जतला अशा हजारो माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवले. २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार भरत वाटवानींना या कामासाठी मिळाला. अपघातात १०८ ची रुग्णवाहिका बोलावणाऱ्याने घाबरायचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. व्हाइटनर किंवा सोल्युशन हुंगणाऱ्या पोरांना मात्र रोख पैसे देऊ नयेत, यावर सगळ्यांचे एकमत आहे. मोठ्यांना रोख द्यावे की नाही यावर नाही.

फोटोबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. झोपलेल्या माणसाचा फोटो त्याच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचू शकतो, आणि ‘मुंबईत खोली आहे’ असे सांगून ठेवलेल्याची तिथे शोभा होते.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा लग्ने, बाजार, हॉटेले, लोकल सगळे थांबलेले होते आणि फुटपाथवरची सगळी कमाई बुडाली. शिवभोजन थाळी पाच रुपयांची झाली, ‘खाना चाहिये’सारखे गट मुंबईत उभे राहिले, आणि त्या आठवड्यांत सर्वांत मोलाची ठरली ती आधीपासून फिरणाऱ्यांची माहिती. कोणत्या पुलाखाली किती जण, कोणाला मधुमेह, कोणाचे बाळ अंगावर पिते, हे त्यांना ठाऊक होते. वॉर्ड ऑफिसकडे तशी यादी नव्हती.

गट टिकला आणि पैसे येऊ लागले की नोंदणीचा प्रश्न येतोच. नोंदणी नसताना लोकवर्गणी जमवणाऱ्याने धर्मादाय आयुक्तांना कळवायचे असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली गणेश मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. रक्कम थोडी असेपर्यंत बहुतेक गट तिच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि एखाद्याच्या खासगी खात्यात यूपीआयने पैसे साठत जातात. भांडणे इथूनच होतात. ट्रस्ट झाला की देणगीदाराला प्राप्तिकर सवलतीची ८० जीची पावती देता येते, पालिकेचे निवारा केंद्र चालवायला मागता येते, रुग्णालयाशी लेखी करार करता येतो. त्याबरोबर हिशेबतपासनीस, दरवर्षीचे विवरणपत्र, ठराव, सह्या हेही येते, आणि रात्री फिरणाऱ्यांपैकी एक-दोघे कायमचे टेबलाशी बसतात. काही गटांनी यावर मधला मार्ग काढला आहे: पैसा अजिबात घ्यायचा नाही, वस्तूच घ्यायच्या, आणि औषधाचे बिल देणाऱ्याने परस्पर केमिस्टकडे भरायचे. सोबत जाणे, अर्ज भरणे, ठरल्या वारी हजर राहणे यांना तसाही खर्च येतो तो बसभाड्याचा.